नांगराच्या फाळापासून अणुवीज केंद्राच्या पंपापर्यंत : किर्लोस्करांची गोष्ट

– ऊस विकास अधिकारी



गेल्या महिन्यात नेसरी गटाची ऊस विकास बैठक झाली. विषय होता यंत्राने ऊसतोडणी. तोडणीच्या टोळ्या दरवर्षी कमी येतात, उचल घेऊन न येणाऱ्यांची संख्या वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तुरे आलेला ऊस रानात उभा राहतो, हे मी आकडे देऊन सांगत होतो. म्हणून पुढच्या लागणीला सरी पाच फुटांची सोडा, यंत्र चालायला सोपे जाईल, असा माझा आग्रह होता. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, मशीन आणा, आम्ही नको म्हणत न्हाई. पण तुमचं मशीन आमचं वाडं खातंय, त्याचं काय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि नको ते बोलून गेलो. म्हटले, "आबा, शेतकऱ्याला नवीन काही दिलं की तो आधी खोडच काढतो. लोखंडी नांगर आला तेव्हासुद्धा आपल्याच पणजोबांनी लोखंडानं जमीन नासंल म्हणून नाक मुरडलं होतं." आबा काही बोलले नाहीत. चहा न घेता निघून गेले.

ते माझ्या मनाला लागून राहिले. नांगराचा दाखला तर मी दिला, पण त्या नांगराची पुढे काय हकिकत झाली ते मला तरी नीट कुठे माहीत होते? कृषी पदविकेला असताना एक परिच्छेद वाचला होता, तेवढ्यावर बोललो. मग शोधून वाचले. वाचल्यावर कळले की मी दाखला उलटा दिला होता. तो नांगर आबांच्या बाजूचा पुरावा आहे, माझ्या नाही. म्हणून हा लेख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे झाला. म्हणजे हा माणूस आपल्याच मुलखातला. त्यांना चित्रकलेचा नाद होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आले आणि रंगकाम सुटले. यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, ते धरले. पुढे मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे यंत्रे हाताळायला मिळाली. नंतर नोकरी सोडून बेळगावला आले आणि भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचे दुकान चालवले. कंपनी आपले स्थापनेचे वर्ष १८८८ धरते ते या सायकलींच्या धंद्यापासून.

सायकली विकणे म्हणजे दुसऱ्याने केलेला माल विकणे. लक्ष्मणरावांना स्वतः काही बनवायचे होते. पहिली वस्तू केली कडबा कापण्याचे यंत्र. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला ती वस्तू लगेच पटते, समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. इथे मात्र घोडे अडले.

आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पत्रा असतो, तो मातीची खपली उचलून पालथी घालतो. खालचा थर वर येतो, हराळी आणि कुंदा मुळासकट उघडे पडतात, पावसाचे पाणी खोल मुरते. फायदा उघड आहे. पण शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीला विष होते अशी त्या वेळची समजूत होती, आणि तयार झालेले नांगर बराच काळ पडून राहिले. मी बैठकीत सांगितले ते इतकेच, आणि इतपत ते खरेही होते.

आता दुसरी बाजू पाहा. शेतकरी नुसता समजुतीपायी अडून बसला होता का? खोल जाणाऱ्या नांगराला ताकद जास्त लागते. ज्याच्याकडे एक बैलजोडी आहे त्याने दुसरी कुठून आणायची? लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार त्याच दिवशी बलुत्यात दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ बोथटला किंवा तुटला तर ऐन हंगामात तो मिळणार कुठे? आणि फाळ हे फार नाजूक प्रकरण आहे. मऊ झाला तर चार दिवसांत झिजतो, फार कडक झाला तर दगडाला लागून काचेसारखा तुटतो. कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही एकाच ओतीव तुकड्यात आणायचे तर लोखंडाचा दर्जा, भट्टीचा ताव आणि थंड करण्याची रीत ही तिन्ही हातात असावी लागतात. ही अडाणीपणाची लक्षणे नाहीत. मालक माणूस गुंतवणूक करण्याआधी जे प्रश्न विचारतो तेच हे प्रश्न.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून कारखाना बंद केला असता तर आज आपण त्यांचे नाव घेतले नसते. ते यंत्र सुधारत राहिले, शेतकऱ्याला वापरून बघू देत राहिले आणि हळूहळू नांगर खपू लागला.

जम बसतो आहे तोवर १९१० उजाडले आणि बेळगाव नगरपालिकेने उपनगर वाढवण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. चालता कारखाना उचलायचा कुठे? लक्ष्मणरावांची आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची ओळख होती. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे कसली, खडकाळ माळ. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, प्यायला पाणी नाही. त्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत दोन्ही एकदम उभी राहिली. रामूअण्णा वसाहतीचा कारभार पाहत. जन्मठेपेसारख्या शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे राखणीच्या कामावर ठेवले होते हेही प्रसिद्ध आहे. पुढे स्टेशनचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. मिरजेहून पुण्याला रेल्वेने जाताना आजही ते लागते, खिडकीतून बघा.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, तेव्हा देशी नांगराला मागणी वाढली. पण कारखान्यालाही लोखंड आणि कोक मिळेना. कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून भट्टी चालवावी लागली. १९२० साली ही 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' नावाची रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या गिऱ्हाइकांना माहिती देणारे ते पत्रक होते, आपल्या या वार्तापत्राचे थोरले भावंडच म्हणा ना. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक होते. त्या मासिकांचा नांगराशी काही संबंध असेल हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते.

या काळात कारखान्यात नांगराखेरीज उसाचे लोखंडी चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे होत. गुऱ्हाळवाल्या मंडळींना चरकाचे महत्त्व सांगायला नको. लाकडी चरकात रस चिपाडातच राहून जायचा.

पण मला ज्या वळणाबद्दल सांगायचे आहे ते १९२६ चे. नांगराचा धंदा बसलेला होता, नाव झाले होते. अशा वेळी माणूस तोच माल जास्त काढतो. कारखान्याने पंप करायला घेतला. का घेतला हे आपण बागायतदारांनी चटकन ओळखावे. नांगराने जमीन खोल झाली, पण पाण्याशिवाय त्या जमिनीतून निघणार किती? पाणी विहिरीत, आणि वर काढायला मोट. बैलांनी दिवसभर धाव मारली तरी भिजायचे ते थोडेसेच रान. उसाला बारा महिने पाणी लागते. कालवा नसलेल्या भागात ऊस वाढत नव्हता तो जमिनीमुळे नाही, उपशामुळे.

सेंट्रिफ्यूगल पंप दिसायला सोपा. कवचात एक पंख्यासारखे चाक, त्याला आपण इंपेलर म्हणतो. ते फिरले की मधले पाणी बाहेर फेकले जाते, मध्ये पोकळी होते आणि हवेच्या दाबाने खालचे पाणी वर चढते. हवेचा दाब पाणी चढवून चढवून दहा मीटर चढवील, आणि पाइप, फूट व्हॉल्व्ह यांची गळती-घासणी धरली तर प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. म्हणून आपण पंप विहिरीत खाली कठड्यावर बसवतो. हे सगळे पुस्तकात आहे. पण चाकाच्या पात्यांचे वळण आणि कवचाची पोकळी यांत थोडा फरक पडला तर निम्मी ताकद पाणी घुसळण्यात जाते, वर पाणी येत नाही. नांगराला भट्टीचे ज्ञान लागत होते. पंपाला गणित लागू लागले. त्याच साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि माघारी येऊन कारखान्यात रुजू झाले. लोहारकामातून वर आलेला कारखाना आणि शिकलेला इंजिनिअर यांची गाठ पडली ती अशी.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली. धान्याचे, गुळाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर नांगर घेणार कोण आणि पंप घेणार कोण? तेव्हा या कारखान्याने लोखंडी फर्निचर केले. भट्टी आणि माणसे रिकामी ठेवायची नाहीत, एवढाच हिशेब. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे लेथसारखी यंत्रे करायला घेतली आणि १९४१ मध्ये हरिहरला त्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर ही वेगळी कंपनी काढली. १९४६ साली एकदम दोन कारखाने निघाले. पुण्याला खडकीत डिझेल इंजिनांचा आणि बेंगळुरूला विजेच्या मोटारींचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अशा लेखांत ती झाकली जाते. हे सगळे तंत्रज्ञान किर्लोस्करांनी घरी शोधून काढलेले नव्हते. परदेशी कंपन्यांशी करार केले, नकाशे आणले, शिकून घेतले. त्यात कमीपणा काही नाही. आपण पाडेगावचे किंवा कोइमतूरचे बेणे आणतोच ना? आणलेले आपल्या रानात टिकवायचे, हे काम वेगळे आणि ते अवघड. सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे, खेड्यातल्या मिस्त्रीला इंजिन खोलता आले पाहिजे, रॉकेलमिश्रित डिझेल पडले तरी ते बंद पडता कामा नये.

एव्ही-वन हे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केले आहे त्यांना हे सांगायला नको. आमच्या आजोबांच्या विहिरीवर ते होते. हँडल फिरवायचे दोघांनी, डिकॉम्प्रेशनची कळ पाडायची तिसऱ्याने, आणि हँडल वेळेवर सुटले नाही तर मनगट गेलेच. पहाटे त्याचा आवाज आला की आजी म्हणायची, "पाणी सुटलं, उठा." नदीकाठच्या आणि विहिरीच्या अशा इंजिनांवर ऊस वाढला आणि त्या उसावर आपल्या भागातले सहकारी कारखाने उभे राहिले. आपले शेअर सर्टिफिकेट कपाटात असेल, त्याच्यामागे कुठे तरी एक पंप आहे.

मग गावोगाव वीज आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एके काळी छोट्या-मोठ्या कारखान्यांतून ऑइल इंजिने तयार होत. विजेच्या मोटारी आल्या आणि त्या इंजिनांचा बाजार बसला. ज्यांनी ओतकामाचे कसब हातात ठेवले आणि मोटारगाड्यांचे भाग ओतायला घेतले ते तरले, काहींनी कुलूप घातले. किर्लोस्करांकडे मोटार बनवणारी कंपनी आधीच तयार होती. इंजिनाचे गिऱ्हाईक कमी झाले ते त्यांच्याच मोटारीकडे वळू शकत होते. आपलाच धंदा मोडणारी वस्तू आपणच काढायची, याला मोठे काळीज लागते.

त्यांचेही सगळे तगले नाही. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर, जिचे लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये होते, ती या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. नावाच्या पुण्याईवर कारखाना चालत नाही. आज किर्लोस्कर नावाच्या कंपन्या एका छत्राखाली नाहीत, वेगवेगळ्या चालतात.

किर्लोस्करवाडीचा तो मूळ पंपाचा कारखाना मात्र कुठे जाऊन पोचला ते पाहा. गुजरातेत सरदार सरोवराचे पाणी सौराष्ट्र शाखा कालव्यातून पुढे चढवायला एकामागून एक पंपगृहे आहेत. तिथल्या प्रचंड पंपांचे कवच लोखंडाचे नाही, काँक्रीटचे आहे. विहिरीच्या पंपाचेच तत्त्व, पण कवच इमारतीसारखे बांधून काढलेले. अणुवीज केंद्रांना लागणारे पंप ही कंपनी देते. अणुवीज केंद्रात पंप थांबणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको, तिथे "उद्या मिस्त्री येईल" चालत नाही. २००३ साली तिने इंग्लंडमधली एसपीपी पंप्स ही जुनी कंपनी विकत घेतली. ज्यांच्याकडून एके काळी शिकायचे त्यांच्या देशातली कंपनी आता किर्लोस्करवाडीकडे. कोइमतूरजवळ कणियूरच्या कारखान्यात पंपांची जुळणी महिलाच करतात, हे आमच्या महिला बचत गटांनी मुद्दाम वाचावे.

२०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुरात अडकले होते. गुहेतले पाणी उपसायला जगभरातून माणसे धावली, त्यांत किर्लोस्करांचे तज्ज्ञ होते. गाळाचे पाणी ओढणारे चार मोठे पंप किर्लोस्करवाडीत विमानाने न्यायला तयार करून ठेवले होते. १० जुलैला सगळे सुखरूप बाहेर आले. ते काढले पाणबुड्यांनी, हे खरे. पण गुहेतली पाण्याची पातळी खाली ठेवली म्हणून पाणबुड्यांना वाट मिळाली.

आणि आपल्या दाराशीच कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. तिथे आपल्या तालुक्यांतली मुले कामाला जातात. २०२३ पासून डिझेल जनरेटरच्या धुरासाठी कडक नियम लागू झाले. त्या नियमांत बसायचे तर डिझेल किती आणि केव्हा फवारायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर सोपवावे लागते. हँडल मारायचे इंजिन ते हे इंजिन. एका पिढीत एवढे झाले.

आता परत आबांच्या वाड्याकडे येतो.

तोडणी यंत्र उसाचा शेंडा उडवते आणि त्याचे तुकडे रानात भिरकावते. पाचटात मिसळलेले ते वाडे जनावरापुढे टाकता येत नाही. टोळीने तोडले की मोळ्या बांधून वाडे मिळते, थोडे मजूर नेतात, थोडे आपल्या गोठ्यात येते. आपल्या भागात घरटी दोन-चार जनावरे आहेत, दुधाचा दर दहा दिवसांचा हिशेब त्यावर चालतो. ऐन हिवाळ्या-उन्हाळ्यात वाडे बंद झाले तर वैरण विकत घ्यावी लागेल. हा हिशेब मी बैठकीत मांडलेल्या तक्त्यात नव्हता. यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकातही नव्हता. तो आबांनी मांडला आणि मी त्यांना नांगर दाखवला.

असे आणखी प्रश्न आहेत, मला आता दिसतात. आपली राने डोंगरउताराची, वीस-पंचवीस गुंठ्यांची. यंत्राला वळायला बांधालगत जागा लागते, तेवढा ऊस आधी हाताने तोडावा लागतो, तो तोडायला कोण येणार? चाकाखाली माती दबते, मग खोडव्याची फूट कशी येईल? यंत्र उसाची कांडकी करते. कांडक्यांना तोंडे जास्त, त्यामुळे साखर लवकर उतरते. म्हणजे गाडी गव्हाणीवर ताटकळली तर नुकसान होणार, आणि ते सभासदाच्या चुकीने नाही. पाचटापोटी वजनात होणाऱ्या वजावटीबद्दल तक्रारी आहेतच.

यंत्र नको असे माझे म्हणणे नाही. टोळ्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो दरवर्षी वाढणार. पाच फुटी सरीचा माझा आग्रहही कायम आहे, कारण त्या सरीत आंतरपीक निघते, हवा खेळते आणि यंत्र आले-न आले तरी तोटा होत नाही. पण सरी सोडणारे तुम्ही आहात. वाड्याचा, बांधाचा, खोडव्याचा हिशेब तुमच्या तोंडून आल्याशिवाय यंत्रवाल्याशी बोलायला माझ्याकडे काही नाही. शेंडा वेगळा गोळा करायची सोय होते का, लहान यंत्र आपल्या उतारावर चालते का, हे मला विचारायचे आहे. मोघम विचारले तर मोघमच उत्तर मिळते.

म्हणून नेसरीच्या गट कार्यालयात चिटबॉयकडे एक वही ठेवली आहे. यंत्रतोडणीबद्दल ज्याची जी अडचण असेल ती गाव, गट नंबर, रानाचा आकार आणि सरीचे अंतर यासह तिच्यात लिहावी. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावी, चिटबॉय लिहून घेईल. लागणीच्या नोंदी सुरू होण्याआधी ती वही घेऊन मी यंत्राच्या ठेकेदारांना आणि कंपनीच्या माणसांना भेटणार आहे, आणि ते काय म्हणाले ते पुढच्या अंकात छापू.

गेल्या रविवारी मी आबांच्या घरी जाऊन आलो. चहा झाला. वहीतली पहिली नोंद त्यांचीच आहे, दोन म्हशी आणि एक रेडकू यांना दिवसाला किती वाडे लागते त्याच्या आकड्यासकट.